जोग्याची चाल

बाबा, तुमच्या चिकाऱ्याचं कातडं उंदरांनी खाल्लं. लाकूड शाबूत आहे, खुंट्याही जागच्या जागी आहेत, पण गजाचे केस गळून गेले आणि पोटावरचं कातडं कडेकडेनं कुरतडत नेलं. दादानं तो गोठ्याच्या माळ्यावर, फवारणीच्या रिकाम्या डब्यांमागं ठेवला होता आणि विसरून गेला होता. मी खाली उतरवला तेव्हा तो म्हणाला, "मले वाटलं आईनं तुयाजवळ देला होता." रागवावं असं वाटलं, पण त्यानं तो फेकला नव्हता, चुलीतही घातला नव्हता, एवढंही पुष्कळ झालं. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढं मी केव्हाच आले आहे. अमरावतीत राहते, नांदगाव पेठेच्या एका कारखान्यात कापड तपासायचं काम करते, आणि तुम्हाला कधी काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. तुम्हाला धड वाचता तरी कुठं येत होतं. सही करायचात आणि एसटीच्या पाट्या वाचायचात, तेवढंच. पण हे ज्याच्याशी बोलावं असं दुसरं माणूस मला सापडत नाही, आणि ज्याच्यावर राग आहे त्यालाच शेवटी सांगावं लागतं.

आठवतं ते असं. ऊन ओसरीत आलं आहे. आई चुलीपुढं ज्वारीची भाकर थापते आहे. तुम्ही अकोल्याच्या बाजारात झेंडू आणि शेवंती उतरवून परत आला आहात, अंगाला अजून झेंडूचा तो कडवट वास आहे. हातपाय धुऊन तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसता, चिकारा मांडीवर उभा धरता आणि गजाला राळ घासत राहता. आई मागं न वळता म्हणते, "पीठ उडीन त्याच्यावर." तुम्ही म्हणता, "उडू दे. त्यालेबी भूक लागली असन." ती हसत नाही, पण तिची थाप जरा हलकी पडते. चिकाऱ्याचा आवाज काही गोड नव्हता, बाबा. नाकातून रडल्यासारखा होता, खरखरीत. शाळेतल्या पोरी मला विचारायच्या, तुया घरी सकाळी सकाळी मांजर कोण दाबते. मला लाज वाटायची. तरी घरी आल्यावर चिकारा खुंटीवर दिसला नाही तर चैन पडायचं नाही, कारण तो खुंटीवर नाही म्हणजे तुम्ही रागावून तो घेऊन वावरात गेला आहात असं मला कळायचं.

चालीची गोष्ट तुम्ही मला शेवंती तोडताना सांगितली होती. तुमच्या मामाच्या लहानपणी आपल्या बार्शीटाकळीकडच्या गावांतून एक नाथजोगी फिरायचा. भगवी कफनी, खांद्याला झोळी, हातात हाच चिकारा. दारात उभा राहून तो तोंडानं काही मागत नसे, फक्त गज फिरवायचा. एका पावसाळ्यात तो तापानं आजारी पडला आणि मामाच्या मळ्यातल्या खोपीत राहिला. मामाची आई त्याला पेज नेऊन द्यायची. पेज पोचली की तो ती मागण्याची चाल वाजवायचा, जेवण समोर असूनही. मामानं त्याला विचारलं, "आता तं भेटलं ना, आता कायले मागता?" तर जोगी म्हणाला म्हणे, की मिळालं म्हणून मागणं संपत नसतं. दिवाळीच्या आत तो वारला. चिकारा खोपीतच राहिला, आणि चाल मामाच्या कानात. मामाकडून दोन्ही तुमच्याकडे आलं. पुढं गावच्या दंडारीत ढोलकीवाल्यानं तीच चाल उचलली, तिला पाय दिले, आणि मागण्याचा नाच झाला. शेजारच्या गावचे लोक म्हणायचे की ती चाल मेळघाटातून उतरली. शाळेतले एक गुरुजी म्हणायचे की ती तमाशातली आहे. तुम्ही कोणाशी भांडला नाहीत. मला मात्र म्हणालात, "ते लोक चालीचं गाव इचारतात. चालीले गाव नसते, माणूस असते." मला तेव्हा ते खूप मोठं वाटलं होतं. आता वाटतं, माणूस असतो म्हणूनच चाल मरते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मारोतीच्या पारासमोर दंडार व्हायची. एका बाजूला वरच्या पुऱ्याचे गडी, दुसऱ्या बाजूला खालच्या पुऱ्याचे, समोरासमोर दोन ओळी. आधी तुम्ही 'मागणं' वाजवायचात. ढोलकी गप्प. दोन्ही ओळी माना खाली घालून, टिपऱ्या छातीशी धरून उभ्या. कोणी हलायचं नाही. बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या असायच्या, त्यांची पोरंसुद्धा गप्प व्हायची. आणि मग तुमचा गज एका जागी असा अडकायचा, जसा माणूस बोलता बोलता थांबतो, आणि तिथंच ढोलकी पडायची. ती 'पलट'. तीच चाल, पण आता ती उड्या मारत यायची. दोन्ही ओळी एकमेकांच्या आतून जायच्या, जाता जाता समोरच्याच्या टिपरीवर टिपरी, आणि शेवटी वरचा पुरा खालच्या पुऱ्याच्या जागी आणि खालचा पुरा वरच्या पुऱ्याच्या जागी. सगळे घामानं निथळत हसायचे. तुम्ही हसायचा नाहीत. तुमची नजर त्यांच्या पायांवर असायची, तोंड किंचित उघडं, जणू तुम्ही वाजवत नव्हतात, त्यांचे पाय वाचत होतात.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि दोन पुऱ्यांत बिनसलं. नक्की कशावरून ते मला तेव्हाही कळलं नाही. कोणाच्या घरासमोरून नाली गेली, कोणी कोणाच्या पॅनेलला शब्द देऊन फिरवला, आणि त्यात दंडारीच्या तोंडाशी कोण उभं राहील हेही आलं. वरच्या पुऱ्यातले काका, तुमचे जिवाभावाचे, पहिल्या ओळीच्या तोंडाशी नाचायचे ते, पोळ्याच्या आधी आपल्याकडे आले. मी त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, "भाऊ, यंदा आमच्या पुऱ्यात वाजवा. त्याईले बोलावू नका."

तुम्ही विचारलं, "अन् समोर कोन उभं राहीन?"

"आमचेच पोट्टे दोन भाग करून उभे करतो."

"आपल्याच मान्साच्या समोर आपन उभं राह्यलो, तं त्याले दंडार नाई म्हनत गा. त्याले आरसा म्हनते."

काका उठले. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी खालच्या पुऱ्याचा पुढारी आला, जो दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी असायचा, आणि त्यालाही तुम्ही तेच सांगितलंत. तो जाताना म्हणाला, "मंग वाजवा घरातच." तुम्ही म्हणालात, "दोघं संग या. उंबऱ्यावरून उठून येतो." मला तुमचा अभिमान वाटला होता. शाळेत मी हे सांगितलंही. आईला मात्र अभिमान वाटला नाही. ती म्हणाली, "हे दोघं संग येत नसतात. तुमाले माईत हाय."

तुम्हाला माहीत नव्हतं. त्या पोळ्याला वरच्या पुऱ्यानं ट्रॅक्टरवर स्पीकर आणला, खालच्यानं त्याहून मोठा. तुम्ही सकाळपासून अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून ओसरीत बसलात, खुंट्या पिळून तारा लावल्यात. दोन्हीकडची गाणी आपल्या अंगणात येऊन एकमेकांवर आदळत होती. संध्याकाळी तुम्ही तारा सैल केल्यात, फडक्यात चिकारा गुंडाळला आणि जेवायला बसलात. पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्या पुढच्याही. दर करीला तुम्ही तारा लावून बसायचात, आणि दर करीला आई तुमच्या ताटात पुरणपोळी वाढताना तुमच्याकडे बघायची नाही.

मला तुम्ही मागणं शिकवलंत. माझ्या हट्टापायी शिकवलंत, पोरीनं वाजवावं की नाही यावर एकदाही बोलला नाहीत, यासाठी मी तुमची आजही ऋणी आहे. बोटं कुठं टेकवायची, गज कुठं अर्ध्यात थांबवायचा. कितीतरी दिवस माझ्या हातून कुत्रं केकाटल्यासारखा आवाज निघायचा आणि तुम्ही अंगणातून ओरडून सांगायचात, "गज दाबू नको, त्याले चालू दे." एक दिवस मागणं माझ्या हातून नीट निघालं. आईनं हातातलं काम थांबवलं. त्या भरात मी पुढं जायला लागले, पलटीकडे, कानात होती तशी चाचपडत. तुम्ही आलात आणि तारांवर हात ठेवलात.

"थे नको."

"काऊन?"

"समोर पाय नाईत. पाय नसले तं बोट त्या जाग्यावर जात नाई. शिकवू कसं तुले?"

आई म्हणाली, "शिकवू नका. नुसतं वाजवून तं दाखवा एकडाव. पोरगी ऐकून ठेवीन."

"येतीन ते," तुम्ही म्हणालात. "सारे येतीन. मंग पाह्यजा किती वाजवतो." आणि माझ्याकडे वळून, कधी नव्हे त्या कडक आवाजात, "पायाशिवाय ते वाजवनं म्हनजे मेल्या मान्साले उठवून चालवनं हाय. पुन्हा हात लावू नको." मी पुन्हा हात लावला नाही. मला वाटलं, तुम्हाला चालीचं काही असं माहीत आहे जे मला अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं मी तसंच मानलं. आता वाटतं, तुम्हाला नुसतं दुखत होतं. तुमच्या दुखण्याला तुम्ही नियमाचं नाव दिलंत.

तुम्ही गेलात तो श्रावण. अकोल्याच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या पलंगावर. ताप डोक्यात गेला होता आणि बोलणं बंद झालं होतं. दुपारची वेळ होती, आई डबा आणायला गेली होती, आणि मी बघितलं की चादरीवर तुमच्या डाव्या हाताची बोटं हलत आहेत. नुसती थरथर नव्हती. एक बोट टेकायचं, दुसरं उचलायचं, मग दोन्ही सरकायची. मी मागण्याची बोटं ओळखते, बाबा. ती मागण्याची नव्हती. मी वाकून बघायला लागले, माझीही बोटं पलंगाच्या कडेवर तशीच टेकवत गेले, मनात धरून ठेवत गेले, हे इथं, हे इथं, आता लांब, आता जवळ. सिस्टर सलाइन बघायला आली आणि म्हणाली, "तापात होतं असं. घाबरू नका." मी तिला गप्प राहा म्हटलं. पण तुमची बोटं कोणत्या तारेवर आहेत हे चादरीवर कसं कळणार. गज कुठं वळतो आहे हे कसं कळणार. मी जे धरून ठेवलं ते घरी येऊन तारांवर ठेवून बघितलं, तुमचं तेरावं झाल्यावर. त्यातून काहीच निघालं नाही. खरंच काहीच नाही. चिकारा आईनं फडक्यात बांधला, माझं लग्न झालं, आणि तो तिथंच राहिला.

मागच्या हिवाळ्यात माझी लेक मला तिच्या कॉलेजच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. अमरावतीतलाच एक मोठा हॉल, पुढं परीक्षकांच्या खुर्च्यांची रांग. तिथं एका पथकानं 'वऱ्हाडी दंडार' सादर केली. फेटे, चमकीची जाकिटं, टिपऱ्यांना रंगीत गोंडे. कीबोर्डवर चाल सुरू झाली. ती आपली होती. म्हणजे तिचा सांगाडा आपला होता. मागणं नव्हतंच, थेट ढोलकीपासून सुरुवात. पलटीतली वळणं सरळ करून टाकली होती, जिथं गज अर्ध्या जागी थांबायचा ती जागा कीबोर्डला नव्हतीच. आणि ओळी एकमेकींतून जात नव्हत्या. दोन्ही ओळी परीक्षकांकडे तोंड करून नाचत होत्या. लेक टाळ्या वाजवत होती. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "आई, तू रडतेस का?" मी म्हटलं, "धूर सोडलाय ना स्टेजवर."

संपल्यावर मी त्या पथकाच्या शिक्षकाला गाठलं. तरुण मुलगा, बोलायला गोड. विचारलं ही चाल कुठून आणली, तर म्हणाला, "माझ्या आजोबांनी गुणगुणून दाखवली होती, काकू. आमचं मूळ गाव बार्शीटाकळीकडचं." तो खालच्या पुऱ्याच्या पुढाऱ्याचा नातू निघाला, बाबा. जो तुम्हाला घरातच वाजवा म्हणून गेला होता त्याचा. आजोबा अकोल्याला मुलाकडे राहायला आले होते, म्हातारपणी एकटे बसून ताल धरायचे. "रेकॉर्ड केलं का त्यांचं?" मी विचारलं. "राहून गेलं. मग ते गेले." मी त्याला सांगितलं की हिच्या आधी एक मागणं आहे, ते मला येतं, ते लावल्याशिवाय ही चाल म्हणजे धड नसलेलं डोकं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते किती स्लो आहे?" मी गुणगुणलं. तो म्हणाला, "सुंदर आहे. पण आम्हाला वेळ मोजून मिळतो, काकू. आणि त्यात सगळे नुसते उभे राहणार म्हणता, तर मार्क कापतात." त्याला काय दोष देऊ. त्यानं निदान आजोबांच्या तोंडून काही घेतलं. मी तुमच्या हातून अर्धंच घेतलं.

म्हणून मी गावी गेले आणि चिकारा उतरवला. अमरावतीत ढोलकी मढवणाऱ्या एका माणसाकडून त्याच्यावर नवं कातडं चढवलं. तो म्हणाला असलं वाद्य त्यानं पहिल्यांदाच बघितलं, कातडं किती ताणायचं ते त्याला माहीत नाही. जास्तच ताणलं गेलं. आवाज पूर्वीचा नाही. आता तो नाकातून नाही, दातांतून येतो. तरी मागणं निघालं. पहिल्यांदा निघालं तेव्हा मी दार लावून बसले होते आणि वाटलं, आता बाकीचं कोणीतरी सांगेल. कोणाला तरी आठवत असेल.

वरच्या पुऱ्यातले काका अजून आहेत. खाटेवर आहेत, एका बाजूचा हात गेला आहे, पण बोलतात. मी चिकारा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला ओळखलं, "भाऊची पोरगी" म्हणाले, आणि डोळे पुसले. मी त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसून मागणं वाजवलं. ते ऐकत राहिले. संपलं तसं म्हणाले, "हे कोनाले पायजे? नाचाचं वाजव."

"थे मले येत नाई, काका. तेच तुमाले इचारासाठी आली."

"भाऊनं शिकवलं नाई?"

"नाई."

"मंग कायले आनला हा?" त्यांनी चिकाऱ्याकडे हात केला. रागानं नाही, थकून. मी म्हटलं, जोग्यानं जशी दिली तशी चाल मला लावायची आहे. तर ते म्हणाले, "जोगी-बिगी काई नाई. भाऊच्या मामानं जत्रेतून आनली होती थे चाल. जोग्याचं त्यानं बनवून सांगतलं. भाऊनं खरं मानलं." तुमची गोष्टही गेली, बाबा. ती कोणाची खरी आणि कोणाची खोटी हे सांगायला आता कोणी नाही. मग काकांनी डोळे मिटले आणि चांगल्या हातानं खाटेच्या पाटीवर ठेका धरून गुणगुणायला लागले. मी कान लावून ऐकत होते. आणि ते जे गुणगुणत होते ते त्या पथकाचं होतं. सरळ केलेल्या वळणांसकट. त्यांच्या नातवानं त्यांना मोबाईलवर त्या पथकाचा व्हिडिओ दाखवला होता, कित्येकदा दाखवला होता.

"हेच होय," ते म्हणाले.

"नाई काका. हे नोय."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "तुले काय मालूम? तू नाचली होती का?"

मी नाचले नव्हते. आणि मला तरी काय आठवतं? ते काय नव्हतं एवढंच मला आठवतं. काय होतं, ते गेलं. जो त्या चालीवर सगळ्यात पुढं नाचला त्याच्या डोक्यात आता दुसरी चाल बसली आहे आणि तो सुखी आहे. मी घरी परतताना बसमध्ये पलट आठवायला गेले, तर मलाही कीबोर्डच ऐकू आला. आता तोच येतो. तुमचा हात आठवतो, गज आठवतो, गजावरची राळीची पांढरी भुकटी आठवते. आवाज येत नाही.

आणि तुम्ही ज्याची वाट बघत होतात ते झालं आहे, बाबा. हे तुम्हाला सांगू नये असं वाटतं, पण सांगते. दोन्ही पुरे एक झाले. वरच्या पुऱ्यातली पोरगी खालच्या पुऱ्यात दिली, तिच्या मागं आणखी सोयरिकी झाल्या. नालीचं भांडण कोणाला आठवत नाही. मी दादाला विचारलं की दंडार कशावरून बंद पडली होती, तर तो डोकं खाजवत म्हणाला, "टीव्ही आला तवा बंद पडली बहुतेक." तुम्ही आयुष्यभर ज्या दोन ओळींसाठी तारा लावून बसलात, त्या दोन ओळी आज कोणीही हाक मारली तरी समोरासमोर येऊन उभ्या राहतील. त्यांना वाजवून दाखवायला कोणी नाही. तुम्ही एकदा, फक्त एकदा, रिकाम्या अंगणात वाजवलं असतं. आईपुढं, माझ्यापुढं, गोठ्यातल्या म्हशींपुढं. तुमचा मान गेला नसता. कोणी बघायलाही नव्हतं. यासाठी मी तुम्हाला माफ करू शकत नाही, आणि तुम्ही नाही म्हणून तुमच्याशी भांडूही शकत नाही. कारखान्यात कापड समोरून सरकत असतं, मी त्यातला तुटलेला धागा शोधत असते, आणि मध्येच तुमच्यावर इतका संताप येतो की शेजारची बाई विचारते, काय झालं.

यंदा करीला गावानं ते पथक बोलावलं. पंचायतीनंच खर्च केला. दादाचा फोन आला, "ये, तुया बापाचं नाव घेनार हायेत." मी गेले. पारासमोर मांडव होता. दोन्ही पुऱ्यांचे पोट्टे त्या पथकासोबत नाचले, वर खाली असं काही राहिलंच नव्हतं, सगळ्यांची तोंडं मोबाईलकडे. काकांना खुर्चीवर बसवून आणलं होतं, ते चांगल्या हातानं मांडीवर ठेका देत होते. मग माईकवरून सांगितलं की ही आपल्या गावची शंभर पिढ्यांची जुनी चाल आहे आणि ती तुम्ही जपलीत. तुमचं नाव घेतलं, ते चुकलं, मग कोणीतरी दुरुस्त केलं. मला शाल आणि नारळ दिला. मी चिकारा सोबत नेला होता, पिशवीत होता. तो बाहेर काढायला कोणी सांगितलं नाही, आणि मी काढला नाही.

हे सगळं मी कोणाला दाखवणार नाही. लेकीला मराठी वाचायचा कंटाळा येतो, आणि दादाला वाटेल मी त्याच्यावर ठपका ठेवते आहे. तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं. पण एक सांगायचं राहिलं. शाल घेऊन मी खाली उतरले तेव्हा दादाची सून माझ्याजवळ आली. चांगली मुलगी आहे, वरूडकडची, तिला आपल्या घरातलं काही ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौस आहे. स्पीकरवर तीच चाल पुन्हा लावली होती. तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आत्याबाई, आबाजी हेच वाजवत होते का?"

मी म्हटलं, "हो. हेच."

आणि म्हटल्यावर, बाबा, मला बरं वाटलं.